दोनशे बारा फॉर्म

कॉलेजने इंटर्नशिपला पाठवताना प्रत्येकाच्या हातात एक पिवळा कागद दिला होता. त्यावर आठ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीसमोर पाच गुणांचा रिकामा चौकोन. वक्तशीरपणा, संवादकौशल्य, सादरीकरण, पुढाकार, असं करत करत गाडी विश्वासार्हतेपर्यंत जायची. मार्केटिंगमध्ये यशस्वी व्हायला लागणारी कौशल्यं म्हणे एवढीच. सहा आठवडे कंपनीत राबायचं, शेवटच्या दिवशी तिथल्या साहेबाने चौकोन भरायचे. चाळीसपैकी वीस झाले तर पदवी, नाही झाले तर वर्ष वाया. ज्याने कुणी हे चौकोन आखले त्याने विद्यार्थी नावाचा प्राणी जवळून पाहिला नसावा. पाहिला असता तर 'लाजणं' अशी एक ओळ घालून तिच्यासमोर उणे पाच छापून ठेवले असते.

आपल्या गोष्टीतल्या मुलीला घरीदारी सगळे पुरवणी म्हणत. परीक्षेत ती पुरवण्या घ्यायची म्हणून नव्हे, बोलताना घ्यायची म्हणून. समोरच्याचं सांगून संपलं की हिचं "पण मग" सुरू. लहानपणी वडिलांनी सांगितलं होतं की पाणी शंभर अंशांना उकळतं. त्यावर हिने विचारलं होतं, "पण मग पाण्याला कसं कळतं शंभर झाले ते?" वडिलांनी त्या दिवसापासून विज्ञानाचा विषय काढणं सोडलं. आता ती शिकायला आत्याकडे राहत होती आणि ती जबाबदारी आपोआप आत्याकडे गेली होती.

कंपनी कुलपांची. चाळीस वर्षं तिने एकच कुलूप बनवलं: पितळी, वजनदार, तीन किल्ल्यांचं. दोन वर्षांपूर्वी तिला अचानक तारुण्य आलं आणि तिने आकड्यांचं कुलूप काढलं. चार चकत्या फिरवायच्या, आपला नंबर जुळवायचा, की उघडलं. किल्लीची भानगडच नाही. ऑफिसच्या भिंतीवर त्याची मोठी जाहिरात होती. एका घराच्या दारात पाच जणांचं कुटुंब उभं होतं, पाचही जण दात दाखवत होते आणि खाली लिहिलं होतं, 'किल्ली हरवायची चिंता संपली!' चिंता संपली असेल, पण विक्री काही सुरू झाली नव्हती. गोदामात खोकी छताला टेकली होती.

मार्केटिंगचे मॅनेजर हा उभा माणूस. म्हणजे चहा उभ्याने, फोन उभ्याने, रागावणंही उभ्याने. "मला गोष्ट सांगू नका, टक्के सांगा," हे वाक्य ते दिवसातून सरासरी चार वेळा म्हणत. पुरवणीने पहिल्या आठवड्यात मोजून ठेवलं होतं. आकड्यांचं कुलूप का विकलं जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: किंमत जास्त आहे. फक्त ते त्यांच्या तोंडून न येता लोकांच्या तोंडून यायला हवं होतं. म्हणून एक फॉर्म छापला गेला. 'आपण हे कुलूप का घेतलं नाही?' खाली चार पर्याय: किंमत जास्त, रंग आवडला नाही, मजबूत वाटत नाही, इतर.

दुसरा इंटर्न तिच्याच वर्गातला. त्याला सगळे स्लाइड म्हणत, कारण त्याच्याकडे साधी पत्त्याची विचारणा केली तरी तो लॅपटॉप उघडायचा. त्याच्याकडे चार्ट काढायचं काम आलं. फॉर्म भरून आणायचं काम पुरवणीकडे.

"तू प्रश्न विचारण्यात पटाईत आहेस म्हणे," मॅनेजर म्हणाले. "बाजारातल्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात उभी राहा. दोनशे फॉर्म. एका आठवड्यात."

इथे एक गोष्ट पिवळ्या कागदाला ठाऊक नव्हती. ओळखीच्या माणसाला प्रश्नांनी जेरीस आणणाऱ्या या मुलीची अनोळखी माणसापुढे बोबडी वळायची. पहिल्या दिवशी ती दुकानात रंगाच्या डब्यांशेजारी उभी राहिली, तर दोन गिऱ्हाइकांनी तिलाच रंगाचा भाव विचारला. फॉर्म पुढे करताना तिचा हात असा निघायचा जणू ती त्यांच्याकडे वर्गणी मागतेय. लोक दया येऊन कुठेतरी खूण करत आणि निघून जात. दोन दिवसांत झाले एकोणतीस.

दुकानदार काका गल्ल्यामागून हा तमाशा पाहत होते. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर आणि जीभ कायम कामावर असा माणूस. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली.

"पोरी, अशाने तुझे दोनशे फॉर्म होईपर्यंत माझा नातू रिटायर होईल. ठेव तो गठ्ठा इथे. मी घेतो भरून."

"पण काका, तुम्हाला त्रास—"

"कसला त्रास? सुट्टे परत देताना पुढे सरकवायचा. गिऱ्हाईक माझं ऐकतं. बायको सोडून सगळे ऐकतात."

पुरवणीने गठ्ठा ठेवला आणि खरं सांगायचं तर पळाली. चार दिवसांनी गेली तेव्हा एकशे त्र्याऐंशी फॉर्म रबरबँडमध्ये तयार होते. तिचे एकोणतीस मिळवून झाले दोनशे बारा.

मॅनेजरांनी गठ्ठा हातात तोलला. "शाबास! सगळे तू भरून घेतलेस?"

"हो सर."

दोन शब्दांचं उत्तर. तोंडातून निघायला अर्धा सेकंदही लागला नाही.

स्लाइडने आकडे घातले आणि चार्ट काढला: शंभरातले अठ्ठ्याऐंशी म्हणतात किंमत जास्त. मॅनेजरांनी त्याच दिवशी मोठ्या बाईंना फोन लावला. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. ठरलं असं की गुरुवारी मीटिंग, त्यात चार्ट दाखवायचा, आणि शुक्रवारी नवी, उतरलेली किंमत छापलेल्या पाकिटांची ऑर्डर छापखान्याला द्यायची.

सोमवारी पुरवणी उरलेले कोरे फॉर्म आणायला दुकानात गेली. इंटर्नशिपचा सहावा आणि शेवटचा आठवडा होता, तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं आणि चाल हलकी होती. गल्ल्यापाशी एक बाई उभी होती. काका तिच्यापुढे फॉर्म सरकवत होते.

"इथे खूण करा ताई. पहिल्या ओळीवर. किंमत जास्त."

"पण मी तर किंमत विचारलीच नाही," बाई म्हणाली.

"करा हो! कंपनीवाले वाचतात हे. दहा जणांनी लिहिलं की भाव उतरवतात. तुमचाही फायदा, माझाही."

बाईने खूण केली, खिळ्यांची पुडी उचलली आणि गेली.

पुरवणी गल्ल्यापाशी आली.

"काका," ती म्हणाली, "सगळ्यांना असंच सांगितलंत?"

"मग? उगाच कुठेही खुणा करतात लोक. एकाने चारही ठिकाणी केली होती, त्याला दुसरा फॉर्म दिला." काका जराही ओशाळले नाहीत. उलट कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. "तुझं काम झालं ना पटकन?"

आता त्यांच्यावर चिडायचं तरी कसं? त्यांनी मदत केली होती, आणि मदत करताना स्वतःचा थोडा लाभ पाहिला होता. दुकानदाराकडून याहून निर्मळ वागणुकीची अपेक्षा कुणी करू नये. गठ्ठा त्यांच्या हातात दिला होता तिनेच. ती ऑफिसात परतली आणि तिने स्लाइडला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं.

स्लाइडचा चेहरा पडला, पण निराळ्या कारणाने. "अगं, चार्ट फायनल झालाय! रंग बघ कसे जमलेत!"

"अरे, पण तो खोटा आहे."

"डेटा खोटा आहे. चार्ट बरोबर आहे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघ, किंमत उतरली तर कुणाचं नुकसान आहे? लोक खूश, काका खूश, सर खूश. तू कशाला मध्ये पडतेस? गुरुवार झाला की शनिवारी आपण सुटलो."

हिशेब चोख होता. त्यात एकच खोट: पुरवणीला आता झोप येणार नव्हती, आणि तेही अपराधाच्या भावनेपेक्षा दुसऱ्याच कारणाने. तिने स्वतः भरून घेतलेले एकोणतीस फॉर्म तिने गठ्ठ्यातून वेगळे काढले. किंमत: तीन. रंग: तीन. मजबुती: दोन. आणि इतर: एकवीस. एकवीस माणसांनी तिच्यासमोर उभं राहून 'इतर'वर खूण केली होती आणि आयुष्यभर "पण मग" विचारत आलेल्या या मुलीने एकालाही विचारलं नव्हतं, इतर म्हणजे काय?

मंगळवारी ती पुन्हा दुकानात गेली. या वेळी फॉर्म नाहीत, पेन नाही, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र नाही.

"काका, मला इथे बसू द्याल? काही करणार नाही, नुसती बसेन."

"नुसतं बसायला पगार देतात?" काकांनी विचारलं आणि रंगाच्या डब्यांमागचं स्टूल पायाने पुढे ढकललं. "देत असतील तर माझंही नाव सांग."

तिने एकच विनंती केली. कुणी कुलूप मागितलं की काकांनी साधं आणि आकड्यांचं, दोन्ही समोर ठेवायचं आणि दोन मिनिटं गप्प राहायचं. त्यातला गप्प राहण्याचा भाग काकांना जड गेला. पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्यांनी ओठ असे मिटून धरले होते की गिऱ्हाइकाने विचारलं, दात दुखतोय का.

पहिली आली ती एक शिक्षिका. पिशवीतून वह्या डोकावत होत्या. तिने आकड्यांचं कुलूप उचललं, चकत्या फिरवल्या, चेहरा उजळला. मग स्वतःशीच म्हणाली, "आणि कामवालीला काय, नंबर सांगू?" कुलूप खाली ठेवलं आणि साधं घेऊन गेली.

मग नवरा-बायको आले. नवऱ्याला ते फार आवडलं.

"बघ, किल्ल्या शोधायच्या कटकटीतून सुटका."

"आणि तुमच्या भावाला?" बायको म्हणाली.

"त्याला सांगू की नंबर."

"सांगा. म्हणजे तो जावेला सांगेल, जाऊ तिच्या आईला सांगेल, आणि पुढच्या सुट्टीत आपण परत येऊ तेव्हा त्या आपल्याच घरात आपल्यालाच चहा देतील."

"एवढं काही नाही हं."

"गेल्या वेळी किल्ली परत घ्यायला मला किती गोड बोलावं लागलं ते तुम्हाला काय माहीत!"

साधं कुलूप गेलं.

पुरवणीने मांडीवर वही उघडली. तीन वाजेपर्यंत ती स्टुलावरून हलली नाही. दर वेळी तेच: चकत्या फिरवताना माणूस खूश दिसायचा, आणि मग अचानक त्याच्या डोळ्यांपुढे दुसरं कुणीतरी उभं राहायचं. भाडेकरू. सासू. शेजारी. धाकटा मुलगा, ज्याला सांगितलेली गोष्ट मित्रांना कळायला तास लागत नाही. दोन चांगल्या कपड्यांतले भाऊ तर दुकानातच भांडले, की गोदामाचा नंबर तिसऱ्या भावाला सांगायचा की नाही. तिसरा भाऊ बाहेर गाडीत बसला होता.

संध्याकाळी तिने आत्याला विचारलं, "आत्या, आपल्या घराच्या किल्ल्या किती?"

आत्या एका दवाखान्यात खिडकीवर बसून पेशंटचे नंबर पुकारायची. दिवसभर माणसं पाहून पाहून तिला कशाचंच नवल वाटत नसे. मटार सोलता सोलता ती म्हणाली, "चार. एक माझी, एक तुझी, एक शेजारी, एक तुझ्या बाबांकडे."

"कुलपाबरोबर पाच आल्या होत्या ना?"

आत्याने एक शेंग जरा जास्तच लक्ष देऊन सोलली. "पाचवी तुझ्या काकूकडे होती."

"मग?"

"मग नाही."

"म्हणजे तू परत मागितलीस?"

"मी कशाला मागू! मी म्हटलं, कुलूप अडकतंय, दुरुस्तीला द्यायचंय, सगळ्या किल्ल्या लागतील म्हणाला कुलूपवाला. तिने दिली. दुरुस्ती झाली, पण किल्ली द्यायची मी विसरले." आत्याने शेंग टाकली. "सहा वर्षं विसरलेय."

"आणि तिला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? चांगलंच कळलं. पण बोलायला जागा राहिली नाही ना! म्हणून अजून आम्ही एकमेकींकडे जेवायला जातो."

पुरवणीनेही एक शेंग सोलायला घेतली. मग म्हणाली, "पण मग नंबरचं कुलूप असतं तर?"

"तर काय, डोक्यातून नंबर थोडाच काढून घेता येतो? भांडावंच लागलं असतं."

बुधवारीही ती दिवसभर त्याच स्टुलावर बसली, आणि रात्री जेवणं झाल्यावर तिने आत्याला गठ्ठ्याची हकिगतही सांगितली. त्या 'हो सर'सकट. आत्याने आधी हिशेब विचारला.

"तुझ्या त्या कागदाचे किती गुण लागतात?"

"वीस."

"आणि हे सांगितलंस तर?"

"सर भरतील ते. कदाचित कमी भरतील. मग वर्ष गेलं."

"गप्प राहिलीस तर?"

"पस्तीस तरी मिळतील."

आत्याने सल्ला दिला नाही. दिवा मालवायला उठली आणि जाता जाता एवढंच म्हणाली, "मला विचारलंस म्हणजे तुझं ठरलंय. नसतं ठरलं तर विचारलंच नसतंस."

गुरुवारी मीटिंगला अर्धा तास असताना ती मॅनेजरांच्या टेबलासमोर उभी राहिली. ते उभ्याने फाइल चाळत होते.

"सर, दोनशे बारा फॉर्मपैकी एकशे त्र्याऐंशी मी भरून घेतलेले नाहीत. दुकानदार काकांनी घेतले. आणि त्यांनी सगळ्यांना किमतीवर खूण करायला सांगितली."

मॅनेजर खुर्चीवर बसले. सहा आठवड्यांत तिने त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"तू म्हणाली होतीस सगळे तू घेतलेस."

"हो. खोटं बोलले."

"त्या आकड्यावर मी बाईंना शब्द दिलाय." त्यांनी टेबलाच्या खणातून पिवळा कागद काढला. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "मी हा आत्ता भरायला घेतला होता. आता तूच सांग, विश्वासार्हतेपुढे काय लिहू? मीटिंगमध्ये चार्ट जाईल तसा जाऊ दे, तू गप्प बस, आपण हे इथेच मिटवू. आणि बोलायचंच असेल तर तू बोल. मी तुझ्या वतीने बोलणार नाही आणि तुला वाचवणारही नाही."

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. मोठ्या बाई वेळेआधी येत, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं आणि तरी रोज सगळे दचकत.

मोठ्या बाई सत्तरीच्या. सासऱ्यांच्या काळात त्यांनी स्वतः कुलपं कागदात गुंडाळून खोक्यांत भरली होती, आणि अजून एखादं कुलूप हातात आलं की आधी कानाशी नेऊन हलवून बघत. स्लाइडने चार्ट भिंतीवर टाकला. लाल रंगाची प्रचंड फोड आणि बाकीचे धागे.

"छान गोल आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे फॉर्म कुणी भरून घेतले?"

मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागले. स्लाइड लॅपटॉपकडे. पुरवणी उठली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"मी एकोणतीस घेतले, बाई. बाकीचे लाजेपोटी दुकानदारांकडे ठेवले. त्यांनी लोकांना उत्तर सांगून खुणा करून घेतल्या. आणि मी सरांना सांगितलं सगळे माझेच. सरांना आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं."

मोठ्या बाईंनी चार्टकडे पाठ केली.

"तुझ्या एकोणतिसांत किंमत किती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तीन."

"आणि बाकीचे?"

"एकवीस 'इतर'. पण इतर म्हणजे काय हे मी तेव्हा विचारलं नाही. म्हणून दोन दिवस दुकानात बसून ऐकलं." तिने वही उघडली. आता आवाज आपोआप सरळ झाला, कारण आता ती लाजण्याच्या पलीकडे गेली होती. तिला सांगायचं होतं. "सत्तेचाळीस जण कुलूप घ्यायला आले. सात जणांनी आकड्यांचं घेतलं, चाळिसांनी परत ठेवलं. चाळिसांपैकी दोघं किमतीचं बोलले. सात काहीच बोलले नाहीत. एकतीस जणांनी ठेवताना दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतलं."

"कुणाचं?"

"कामवाली, भाऊ, सून, शेजारी. ज्यांना घर उघडायला द्यावं लागतं त्यांचं. बाई, किल्ली परत मागता येते. नंबर एकदा सांगितला की सांगितला."

मॅनेजर न राहवून वळले. "नंबर बदलता येतो! आतमध्ये कागद आहे."

"कुठे?" मोठ्या बाई म्हणाल्या.

मॅनेजरांनी एक पाकीट फोडलं. तळातून आठ घड्या घातलेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद निघाला. मोठ्या बाईंनी तो चष्म्याजवळ नेला, लांब नेला आणि परत दिला. "हे वाचायला आधी नजर बदलावी लागेल."

"आणि सर, बदलला तरी एकट्याकडून काढून घेता येत नाही," पुरवणी म्हणाली. "एका शेजारणीला वगळायचं तर घरातल्या चौघांना नवा नंबर सांगायचा, आणि शेजारणीला कळतंच की आपल्याला वगळलं. किल्लीचं तसं नाही. किल्ली दुरुस्तीच्या निमित्ताने नेता येते, विसरता येते. लोकांना तेवढी सोय लागते." तिने भिंतीवरच्या दात दाखवणाऱ्या पाच जणांकडे बघितलं आणि तिच्याने राहवलं नाही. "पण मग सर, या पाच जणांपैकी नंबर ठरवला कुणी? आणि सर्वांत आधी तो बाहेर सांगेल कोण?"

स्लाइड हसला आणि त्याने ते खोकल्यात मुरवलं.

"घेणारे सात कोण होते?" मोठ्या बाई जाहिरातीकडेच बघत होत्या.

"तिघांना प्रवासाच्या बॅगेसाठी हवं होतं. दोघांना सायकलसाठी. एकीला ऑफिसातल्या कपाटासाठी. आणि एक गृहस्थ एकटेच राहतात. ज्यांना दुसऱ्या कुणाला उघडायला द्यायचं नव्हतं, ते सगळे."

मोठ्या बाईंनी कुलूप कानाशी नेऊन हलवलं. मग मॅनेजरांना म्हणाल्या, "छपाई पंधरा दिवस थांबवा. बॅगांच्या दोन दुकानांत आणि सायकलच्या दोन दुकानांत वीस-वीस ठेवा. आहे त्या किमतीला. सत्तेचाळीस माणसांवर मी कंपनी चालवणार नाही, पण दुकानदाराच्या पेन्सिलीवर तर नाहीच नाही." उठताना त्या पुरवणीपाशी थांबल्या. "एकशे त्र्याऐंशीचं काय करायचं ते तुझे साहेब ठरवतील. त्यात मी पडणार नाही."

आणि खरोखर पडल्या नाहीत.

शनिवारी, शेवटच्या दिवशी, मॅनेजरांनी तिला बोलावलं. समोर पिवळा कागद होता आणि ते बसले होते.

"तुझ्यासमोरच भरतो," ते म्हणाले. "वक्तशीरपणा, चार. संगणक, तीन. लेखन, तीन. सगळ्यांबरोबर काम, तीन. संवादकौशल्य..." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माणसांना बघून पळून गेलीस. दोन."

"हो सर."

"सादरीकरण, दोन. खुर्ची धरून उभी होतीस." पेन पुढे सरकलं. "विश्वासार्हता."

पुरवणीने मनात बेरीज मांडली. सतरा झाले होते.

"शून्य," मॅनेजर म्हणाले आणि शून्य नीट, गोल काढलं. "हे मी कमी करणार नाही, वाढवणार नाही. तू मला माझ्या तोंडावर खोटं सांगितलंस आणि मी ते पुढे सांगितलं. खरं बोललीस ते चांगलं केलंस, पण त्याने आधीचं पुसलं जात नाही."

"बरोबर आहे सर."

सतरावर एकच ओळ उरली होती: पुढाकार. तीन हवे होते. मॅनेजरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"काल मी घरी किल्ल्या मोजल्या," ते एकदम म्हणाले. "माझी बायको म्हणाली, हे काय खूळ? कुलपाबरोबर तीन आल्या होत्या, चार आम्ही करून घेतल्या. सात. सहांचा हिशेब लागला. सातवी कुणाकडे आहे हे आम्हा दोघांनाही आठवेना. रात्री अकरापर्यंत वाद घातला. ती म्हणते मी दिली, मी म्हणतो तिने दिली."

पुरवणीचा हात आपोआप पिशवीतल्या वहीकडे गेला. मग तिला आपण कुठे बसलोय ते आठवलं आणि तो परत मांडीवर आला.

"विचार," मॅनेजर म्हणाले. "तुझ्या तोंडावर दिसतंय."

"घरात शेवटचं कुणी आजारी कधी होतं, सर? किंवा तुम्ही दोघं एकदम बाहेरगावी? लोक किल्ली तेव्हाच देतात."

मॅनेजर छताकडे बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या.

"वरच्या मजल्यावरचे आजोबा," ते हळूच म्हणाले. "आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा ते रोज येऊन झाडांना पाणी घालायचे. नऊ वर्षं झाली. मग आमचं पाण्याच्या टाकीवरून वाजलं आणि बोलणंच..." ते थांबले. "पण इतकी वर्षं त्यांच्याकडे किल्ली आहे आणि त्यांनी कधी..."

"परत द्यायला आले नाहीत, आणि वापरलीही नाही," पुरवणी म्हणाली.

"हो."

"पण मग सर, ती त्यांनी ठेवलीय कशाला?"

मॅनेजरांनी शेवटच्या चौकोनात पाच लिहिले, खाली बेरीज केली, बावीस, आणि सही ठोकली. कागद तिच्याकडे सरकवताना ते उभे राहिले होते.

"तेच आता जाऊन विचारतो," ते म्हणाले आणि तिच्याआधी जिना उतरू लागले.